सोमवारची मोजमापं

चिप बोलत नाही.
पण करंट ओढते, आणि ओढताना
किल्लीचा एकेक आकडा तिच्याकडून निसटतो,
भरल्या ट्रॉलीतून उसाची कांडी गळावी तसा.
मी मागून वेचत जाते.
पन्नास हजार वेळा तिला एकच गुपित गिरवायला लावायचं,
पन्नास हजार रेघा पडद्यावर एकीवर एक रचायच्या
आणि बघायचं, कुठं दचकते.

सोळांपैकी पंधरा बाइट दिवाळीआधीच हाती आले.
सातवा येईना.
मगदूम सर म्हणाले, तुझ्या रेघांत गोंगाट फार.
मी वायर बदलली, अर्थिंग बदललं,
प्रोबला बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात कोंडलं,
विद्यापीठातले मोर ओरडतात म्हणून खिडकीसुद्धा लावून घेतली.
(मोराचा काय संबंध! पण रात्री तीनला
माणूस कुणावरही आळ घेतो.)

मग एका सोमवारी रेघ अचानक निवळली,
सातवा बाइट समोर उघडा.
मंगळवारी पुन्हा खरखर.
पुढच्या सोमवारी पुन्हा स्वच्छ.
तीन आठवडे लागले मला हे कळायला,
जे इथलं शेंबडं पोरगंही सांगेल:
सोमवारी कारखाने बंद.
शिरोलीच्या भट्ट्या गार, लाइनीवर धडधड नाही.

आण्णा त्यातल्याच एका भट्टीवर. एकतीस वर्षं मोल्डर.
सुट्टी म्हणून माझा डबा घेऊन लॅबमध्ये आले,
खुर्चीच्या कडेवर टेकले, सगळं ऐकून घेतलं.
‘म्हंजे आमच्यामुळं अडलं हुतं व्हय तुझं?’
म्हणाले, आणि जरा खूशच झाले.

मी सांगितलं, चिप फोडायची नाही, बाहेरूनच ऐकायचं.
‘मग? कास्टिंग आमी काय फोडून बघतो?
हातोडीची एक टिचकी.
टण्णकन वाजलं तर गाडीत,
भद्द वाजलं तर परत भट्टीत.’

मग दुसरा प्रयोग दाखवला.
एकाच साच्यातल्या चाळीस चिपा, एकच प्रश्न,
चाळीस वेगळी उत्तरं.
कुणी न ठरवलेला, कुणाला टाळता न आलेला
केसाच्या हजाराव्या भागाइतका वाकडेपणा,
तीच तिची सही.
बनवणाऱ्यालासुद्धा नक्कल जमत नाही.
आण्णांनी एक चिप नखावर ठेवून पाहिली.
त्यांच्या नखात काळी वाळू होती, कायमची.

तेवढ्यात तौफिक मुल्लाणी आला, शेजारच्या लॅबचा.
त्याचा चॅटबॉट हवा तसा घडवता येतो:
विनय सात, विनोद चार, भाषा कोल्हापुरी,
तापटपणाची पट्टी शून्यावर.
आण्णांसमोर लॅपटॉप ठेवून म्हणाला, विचारा काहीपण.
आण्णांनी पावसाचं विचारलं, मालाच्या भावाचं विचारलं,
त्यानं सगळ्याला गोडीत उत्तर दिलं.
मग आण्णा पडद्याजवळ वाकले,
बोटाच्या पेरानं लॅपटॉपच्या कडेवर हळूच टिचकी मारली.
‘तुला ठोकलं तर आतनं काय वाजंल रं?’

क्षणभर ठिपके नाचले.
‘तुमी म्हणशीला तसं वाजंल, आण्णा.’

तौफिक हसला. मीही.
आण्णा हसले नाहीत.
डब्याची झाकणं लावत म्हणाले, ‘पोरगं गुणी हाय.
पर ह्याला गाडीत घालायचं का भट्टीत,
कळंना झालंय मला.’

पेपर परत आला आहे.
परीक्षकांची शंका क्रमांक चार:
मोजमापं फक्त सोमवारीच का घेतली, खुलासा करावा.
उत्तरात मी वीजपुरवठ्यातल्या औद्योगिक व्यत्ययाबद्दल
अडीच ओळी लिहिल्या. त्या बरोबर आहेत.
आज मंगळवार.
पडद्यावर रेघ थरथरते आहे,
आणि ती गाळायचा फिल्टर
मी अजून लावलेला नाही.